कॉफी, जायफळ आणि ‘को जागर्ति?’

— तृतीय वर्ष कला (इतिहास)

चहाला आपल्या घरांत कारण लागत नाही. वीजमीटरचा आकडा टिपायला आलेल्या माणसाला चहा मिळतो, गवंड्याला मिळतो, वर्गणी मागायला आलेल्या मंडळाच्या पोरांनाही मिळतो. कॉफीचे तसे नाही. कॉफी होते ती काहीतरी निमित्ताने. एकादशी असते म्हणून होते, ताप उतरून तोंडाला चव आलेली असते म्हणून होते, व्याही येतात आणि ते चहा घेत नाहीत म्हणून होते, हरतालिकेच्या जागरणाला होते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तर होतेच होते. त्यातही सणाचा दिवस असला की आई डब्यातून जायफळ काढते, किसणीवर चार वेळा घासते, आणि तो वास बाहेरच्या खोलीत पोचला की वर्तमानपत्रात डोके घालून बसलेला माणूसही मान वर करून विचारतो, “आज काय आहे?”

अशा ह्या कॉफीवर वार्षिकांकात लेख लिहिणार म्हटल्यावर मैत्रिणी हसल्या. ह्या पानांवर ज्ञानेश्वरांपासून बेरोजगारीपर्यंत सारे विषय येऊन गेले. तिथे पातेल्यातल्या पेयाचे काय कौतुक, असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे असे की पातेल्यापाशी कोण उभे राहते, कोणासाठी उभे राहते, आणि ज्या जागरणासाठी ती कॉफी होते त्या जागरणाला त्याला बसू दिले जाते की नाही, हे प्रश्नही आपलेच आहेत. यंदाच्या कोजागरीने ते आमच्यापुढे आणून ठेवले, म्हणून हा प्रपंच.

आधी काय घडले ते थोडक्यात सांगते. मुलांच्या आणि मुलींच्या वसतिगृहांची मिळून मधल्या मैदानावर दरवर्षी कोजागरी होते. पूर्वापार मसाला दूध असते. यंदा सभेत कोणीतरी सुचवले की दूध पुष्कळांना नको असते, साय धरली की पेले तसेच राहतात, तेव्हा यंदा कॉफी करावी. सूचना एवढीच होती. पण तिच्यावर दीड तास चर्चा झाली आणि तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष म्हणाला, गावातल्या दुकानातून मसाल्याची ‘हॉलिडे स्पेशल’ कॉफी मागवू. वर फेस, फेसावर दालचिनीची पूड, झाकण लावलेले कागदी पेले, कोणाला काही करायला नको. दुसरा पक्ष म्हणाला, कॉफी ही आपली नव्हेच. कोजागरीला दूधच, नाहीतर काही नको. तिसरा पक्ष म्हणाला, एवढे भांडता कशाला? कॉफी इथेच करू. मुली करतील की! त्यांना येते. हा तिसरा पक्ष आपल्याला सर्वांत समंजस समजत होता.

शेवटी पहिल्या पक्षाचे चालले. कॉफी पाऊण तास उशिरा आली आणि कोमट आली. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक रोज साडेनऊला बंद होते. ते त्या रात्रीही साडेनऊलाच बंद झाले. त्यामुळे आमचे पेले आम्हाला फाटकाच्या गजांमधून देण्यात आले. झाकण गजांत अडकायचे म्हणून ते काढावे लागले, आणि थोडी कॉफी पुष्कळजणींच्या हातांवर सांडली. कोणाला भाजले नाही, इतकी ती निवली होती. चंद्र माथ्यावर आला तेव्हा मैदानावर गाणी चालली होती, आणि गच्चीला कुलूप असल्यामुळे आम्ही जिन्याच्या खिडकीतून आळीपाळीने चंद्र पाहत होतो.

असो. झाले ते झाले. पण पुढच्या वर्षी पुन्हा सभा होईल आणि पुन्हा हेच तीन पक्ष उभे राहतील. म्हणून तिघांचेही म्हणणे एकदा नीट तपासून पाहावे असे वाटते.

दुसऱ्या पक्षापासून सुरुवात करते, कारण त्याचा मुद्दा मानाचा आहे. कॉफी परकी आहे हे खरेच. पण आपल्या सणांत परके काय काय आहे ह्याचा हिशेब मांडायला बसलो तर ताटात काय उरेल? उपवासाचेच ताट घ्या. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा ही सारी मुळात अमेरिका खंडातली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही तिकडचाच. गेल्या पाचशे वर्षांत ही मंडळी गलबतांतून इकडे आली आणि थेट देवघरापर्यंत पोचली. हजारो वर्षे ह्या भूमीत पिकणारा गहू मात्र उपवासाला चालत नाही! ह्यात आजीची चूक काही नाही. नवा पदार्थ आला तेव्हा जुन्या यादीत त्याचे नाव नव्हते. नाव नाही म्हणून निषेध नाही, एवढाच त्यातला व्यवहार. आपली परंपरा अशीच, दार थोडे उघडे ठेवून, नांदत आली.

आणि जायफळ? ज्याच्या वासाने आपल्याला आपले घर आठवते ते जायफळ तरी इथले कुठे? आयुर्वेदात त्याला जातीफल म्हणतात, इतकी त्याची आपली ओळख जुनी. पण त्याचे मूळ घर म्हणजे इंडोनेशियातली बांदा नावाची चिमुकली बेटे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगातले जवळजवळ सारे जायफळ तिथूनच येई. ह्या एका फळाचा मक्ता आपल्या हाती राहावा म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटरसून कून ह्या गव्हर्नर-जनरलने १६२१ साली त्या बेटांवर स्वारी केली. तिथले हजारो लोक मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम म्हणून नेले गेले. बेटे जवळजवळ ओस पडली आणि मग बाहेरून आणलेल्या गुलामांकडून बागा राबवल्या गेल्या. त्याच बेटांतल्या रन नावाच्या एका तुकड्यावरचा हक्क इंग्रजांनी १६६७ च्या ब्रेडा येथील तहात सोडला आणि मॅनहॅटन बेट त्यांच्याकडे राहिले. आज ज्या मॅनहॅटनवर न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती उभ्या आहेत, त्याच्या बदल्यात एका काळी जायफळाची मूठभर जमीन लोकांना सौदा म्हणून पटत होती!

आता हेच झाड रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारळी-पोफळीच्या सावलीत वाढते. त्याचीही एक गंमत आहे. जायफळात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. बी लावून रोप केले तर ते कोणते निघणार हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, आणि फुलोऱ्याला सहा-सात वर्षे लागतात. म्हणून बागाईतदार कलमे लावतात. फळ पिकून उकलले की आत कठीण कवचाची बी आणि तिच्याभोवती लालभडक जाळी दिसते. ती जाळी म्हणजे जायपत्री, आणि कवच फोडले की निघते ते जायफळ. एवढ्या खटपटीनंतर ते आपल्या डब्यात येते. त्याला इथले म्हणायचे की तिथले?

राहता राहिली कॉफी. तिचे झाड मूळचे इथिओपियातले. पण ती पेय म्हणून नावारूपाला आली येमेनमध्ये, पंधराव्या शतकात. आणि ती प्यायला कोणी सुरुवात केली? तिथल्या सूफी साधकांनी. रात्रभर नामस्मरण करायचे तर झोप आवरली पाहिजे, म्हणून ते एकत्र बसून कॉफी घेत. तिथूनच, मक्केची यात्रा करून परतणाऱ्या बाबा बुडन ह्या साधूने सतराव्या शतकात सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगरांना आजही बाबा बुडनगिरी म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातही कॉफी होते, ती अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला.

आता कोजागरीचा अर्थ पाहा. मध्यरात्री लक्ष्मी फिरते आणि विचारते, ‘को जागर्ति?’ कोण जागे आहे? जो जागा असेल त्याला ती प्रसन्न होते, अशी श्रद्धा. सणाचा गाभाच जर जागे राहणे हा असेल, तर देवाच्या नावाने जागण्यासाठीच जे पेय प्रथम मांडले गेले, त्याच्याइतके त्या रात्रीला शोभणारे दुसरे काय आहे? कॉफी परकी असेल. पण ती ज्या कामासाठी जन्मली ते काम आपलेच आहे. शिवाय दुधाला कोणी हद्दपार करा म्हणत नाही. आटवलेल्या दुधाचे एक पातेले तसेच ठेवावे आणि एकात कॉफीचा अर्क घालावा. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे.

आता पहिला पक्ष, दुकानातून मागवणारा. मी दुकानात जात नाही असे मुळीच नाही. मैत्रिणीशी दोन तास बोलायचे असेल आणि कोणी उठा म्हणू नये असे वाटत असेल, तर त्या खुर्चीचे पैसे देण्यात मला काही वावगे वाटत नाही. आपल्या देशात ही सोय जुनी आहे. इंडिया कॉफी हाउसची पहिली शाखा १९३६ साली मुंबईत निघाली; पुढे कॉफी बोर्डाने ती उपाहारगृहे बंद करायला घेतली तेव्हा कामावरून निघालेल्या लोकांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती चालवली. तिथल्या टेबलांवर किती चळवळी आणि किती नियतकालिके जन्मली असतील! माझा आक्षेप दुकानाला नाही. सणाच्या दिवशी घरचे सोडून त्याचेच अनुकरण महाग दराने आणावे, ह्याला आहे.

अनुकरण म्हणण्याचे कारण सांगते. अमेरिकेत पानगळीचा ऋतू सुरू झाला की भोपळ्याच्या मसाल्याच्या कॉफीची लाट येते. एका मोठ्या कंपनीने २००३ साली ती प्रथम विकायला काढली. तिकडच्या हॅलोवीन आणि थँक्सगिव्हिंग ह्या सणांशी ती आता जोडली गेली आहे. गंमत म्हणजे पहिली बारा वर्षे तिच्यात भोपळा नव्हताच. तो २०१५ पासून घालू लागले. ‘भोपळ्याचा मसाला’ म्हणजे भोपळ्याच्या गोड पक्वान्नात घालायचा मसाला : दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग. म्हणजे एक ऑलस्पाइस सोडली, तर आपल्या स्वयंपाकघरातला डबाच! तिकडच्या माणसाला त्या वासाने त्याच्या आजीची आठवण येते. ती त्याची खरी आठवण आहे, तिला मी हसणार नाही. तिकडे घरोघरी हे पेय करून पाहणारे पुष्कळ आहेत आणि ते योग्यच करतात. पण आपल्याला आपल्या आजीची आठवण यायला तिकडच्या आजीच्या वाटेने कशाला जायला हवे? हळदीचे दूध असेच ‘लाटे’ होऊन परत आले. २०२० च्या टाळेबंदीत ‘डालगोना’ म्हणून जो तो कॉफी घोटत बसला, तेव्हा माझी मावशी म्हणाली, “अगं, ही तर आमची फेटलेली कॉफी!” आपलीच वस्तू दुसऱ्याने नाव ठेवून परत दिली की आपल्याला ती आवडू लागते, हा आपला जुना स्वभाव आहे.

पैशाचेही पाहा. दुकानातल्या एका मोठ्या पेल्याला जे पैसे पडतात, तेवढ्यात घरी दहा-बारा जणांची कॉफी होते. वसतिगृहात राहणाऱ्यांपैकी कितीजणांना घरून मोजके पैसे येतात हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. यंदा वर्गणी दुप्पट झाली म्हणून काहीजण “मला कॉफी आवडत नाही” असे सांगून खोलीतच राहिले. ते खरे कारण नव्हते, हे त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांना माहीत आहे. आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर जे पेले पडले होते, त्यांना कागदी म्हणतात इतकेच. आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो म्हणून तर ते गळत नाहीत, आणि म्हणूनच ते मातीत लवकर कुजत नाहीत.

घरी करायची म्हणजे कशी, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. “मुलींना येते” ह्या वाक्यामागे अशी एक समजूत दडलेली असते की ही काहीतरी उपजत विद्या आहे. वास्तविक हे सारे मापाचे आणि कारणांचे काम आहे. ज्याला रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक जमते त्याला हे जमते. ज्याला ते जमत नाही, त्यालाही हे जमते.

दहाजणांसाठी सव्वा लिटर दूध, अर्धा लिटर पाणी, दळलेल्या कॉफीची साठ ग्रॅम पूड, शंभर ग्रॅम साखर, सहा-सात वेलदोडे आणि पाव जायफळ. पूड ताजी दळलेली, शंभर-दोनशे ग्रॅमच आणावी. पुडी उघडल्यावर तिचा वास दिवसेंदिवस उडतो. थोडी चिकोरी मिसळलेली असली तर दुधातल्या कॉफीला रंग आणि दाटपणा येतो. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. तिच्यात कॉफीचा कस नसतो, म्हणून ती तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नसावी.

प्रथम दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवून दहा-पंधरा मिनिटे आटू द्यावे आणि मधूनमधून ढवळावे, म्हणजे साय धरत नाही आणि खालीही लागत नाही. दुसऱ्या पातेल्यात पाणी आणि निम्मी साखर घालून खळखळून उकळी आणावी. मग गॅस बंद करावा, आणि त्यानंतरच पूड घालावी. इथेच पुष्कळांची कॉफी बिघडते. चहासारखी ती उकळत ठेवतात. कडूपणा उतरतो आणि सुवास वाफेबरोबर निघून जातो. पूड घातल्यावर एकदा ढवळून घट्ट झाकण ठेवावे, पाच मिनिटे हात लावू नये, आणि मग ओल्या फडक्यातून गाळावे. गाळलेला अर्क गरम दुधात घातला की पुन्हा उकळी आणू नये.

मसाल्याचे तेच. जायफळ, वेलदोडे ह्यांचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो. ते आधीपासून शिजवले तर सारे शेजाऱ्यांच्या नाकात जाते. म्हणून वेलदोड्याचे दाणे उरलेल्या साखरेबरोबर खलबत्त्यात कुटावेत. साखर तेल धरून ठेवते. जायफळ अख्खेच आणावे आणि ऐनवेळी किसावे. ही दोन्ही पातेले उतरवल्यावर घालून दोन मिनिटे झाकण ठेवावे. केशर असलेच तर चार काड्या कोमट दुधात आधी भिजवाव्या. कोणाला आले आवडत असेल तर ते पाण्यात उकळून घ्यावे. कच्चे आले दुधात घातले तर दूध फाटते. त्यापेक्षा सुंठ बरी. गूळही उकळत्या दुधात घालू नये, त्यानेही दूध नासते. गॅस बंद करून थोडे निवल्यावर घालावा.

जायफळाबाबत हात आखडता ठेवावा. बाळगुटीत जायफळाचे एक-दोन वेढे देतात ते झोप लागावी म्हणून. पण एक-दोन अख्ख्या जायफळांची पूड एका माणसाच्या पोटात गेली तर उलट्या, धडधड आणि भ्रम होतो. आपल्या सणाच्या कॉफीत अशी एक निजवणारी आणि एक जागवणारी वस्तू शेजारी शेजारी बसते. चिमूटभर निजवणारी आणि पेलाभर जागवणारी, म्हणून सरशी जागवणारीची होते, एवढेच.

एकशेवीस जणांसाठी हेच बाराने गुणावे : पंधरा लिटर दूध, सहा लिटर पाणी, पाऊण किलोच्या आत पूड, सव्वा किलो साखर, तीन जायफळे. दूध एकाच मोठ्या पातेल्यात न घेता दोन शेगड्यांवर विभागावे. वसतिगृहाच्या भटारखान्यात दोन्ही आहेत. सहा-आठ माणसे दोन तास खपली की काम झाले. पेले प्रत्येकाने आपापले आणावेत आणि आपापले विसळावेत.

आता ही सहा-आठ माणसे कोण, हा तिसऱ्या पक्षाचा प्रश्न. “मुली करतील” असे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. पण त्या वाक्याचा हिशेब पुरता मांडून पाहा. मुलींनी दुपारी दूध आणायचे, संध्याकाळी आटवायचे, आठ वाजता गाळायचे, मसाला कुटायचा, पातेली मैदानावर नेऊन ठेवायची, आणि साडेनऊला आत जायचे. चंद्र माथ्यावर येणार बाराला. जागर कोणाचा आणि जागरणाची तयारी कोणाची? सणासुदीला घरोघरी हेच चालते. सर्वांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरते ते ओट्यापाशी उभ्याउभ्याने पिणारी बाई आपण प्रत्येकाने पाहिली आहे. तिला निवलेलेच आवडते असे आपण लहानपणापासून समजत आलो.

आमच्या घरी रविवारची कॉफी बाबा करतात. उत्तम करतात, वर सांगितलेल्या अर्ध्या गोष्टी मी त्यांच्याकडूनच शिकले. पण पाहुणे आले की हमखास कोणीतरी आत्या किंवा काकू उठते, “अहो, तुम्ही कशाला?” म्हणत त्यांच्या हातातली सांडशी काढून घेते, आणि आईकडे अशा नजरेने पाहते की जणू तिने काही कसूर केली आहे. बाबांना कॉफी येते हे साऱ्या नातेवाइकांना माहीत आहे. ती त्यांनी सर्वांदेखत करावी, हे मात्र अजून कोणाला पचत नाही. “आम्हाला येत नाही” असे म्हणणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना म्हणूनच मी सांगू इच्छिते की न येणे ही अडचण पाच मिनिटांची आहे. खरी अडचण लाजेची आहे, आणि ती तुमची तुम्हालाच सोडवावी लागेल.

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, म्हणून आणखी एक गोष्ट नमूद करते. कॉफीला विरोध झाला तो बहुतेक वेळा तिच्या चवीमुळे झाला नाही. १५११ साली मक्केचा अधिकारी खैर बेग ह्याने तिच्यावर बंदी आणली. कारण असे की लोक रात्री एकत्र जमून ती पितात आणि जमल्यावर काय बोलतात ते कळत नाही. कैरोच्या सुलतानाने ती बंदी लवकरच सैल केली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्याने १६७५ च्या डिसेंबरात लंडनची कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला, तोही राजकारणाच्या गप्पांना भिऊन. लोक इतके खवळले की काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. त्या लंडनच्या कॉफीगृहांतही गिऱ्हाईक म्हणून बसण्याची मुभा पुरुषांनाच असे. स्त्रिया होत्या त्या मुख्यतः कॉफी करून वाढणाऱ्या. तेव्हा रात्री जागून, एकत्र बसून बोलणे ही गोष्ट सत्ताधाऱ्यांना नेहमीच खुपत आली. आणि ज्यांना ती मिळाली त्यांनी ती आपल्यापुरतीच ठेवली.

आमच्या रेक्टरबाईंची अडचण मी जाणते. काही विपरीत घडले तर पालक त्यांनाच विचारणार, आणि पहिला प्रश्न “फाटक किती वाजता बंद केले?” हाच असणार. पण काळजी आणि कुलूप ह्यांत अंतर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळाच्या प्रतिबंधाविषयीच्या २०१५ च्या विनियमांतच असे म्हटले आहे की सुरक्षिततेचे कारण देऊन मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. त्याच वर्षी दिल्लीच्या विद्यार्थिनींनी वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध ‘पिंजरा तोड’ ही चळवळ सुरू केली. आमचे मागणे तर त्या मानाने फारच लहान आहे. आम्ही एका रात्रीपुरते बोलत आहोत.

पुढच्या कोजागरीसाठी माझी सूचना अशी. कॉफी आणि दूध दोन्ही भटारखान्यात करावे. करणाऱ्यांची नावे चिठ्ठ्या टाकून काढावीत, सहा मुलगे आणि सहा मुली. वर्गणी निम्मी ठेवावी आणि ज्याला ती देणे जमणार नाही त्याला कारण विचारू नये. प्राध्यापक मंडळींनी सहकुटुंब यावे. पूर्वी येत असत असे जुन्या वार्षिकांकांतून दिसते. मैदान मुलींच्या फाटकापासून पन्नास पावलांवर आहे. त्या रात्री ते फाटक साडेबारापर्यंत उघडे ठेवावे, जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंद हवी तर वहीत करावी, आणि बाईंनी स्वतः आमच्याबरोबर मैदानावर बसावे. पहिला पेला त्यांना देऊ. गरम देऊ.

हा अर्ज आम्ही जूनमध्ये प्राचार्यांकडे देणार आहोत. ज्यांना तो पटतो त्यांनी, मुलग्यांनीही, त्यावर सही करावी. सह्यांचा कागद वाचनालयात मासिकांच्या टेबलावर ठेवलेला असेल. आणि अर्ज मान्य होवो न होवो, कॉफी तेवढी सुट्टीत घरी करून पाहा. पूड गॅस बंद केल्यावरच घाला, जायफळ शेवटी किसा, आणि पहिला पेला नेहमी शेवटी पिणाऱ्या माणसाच्या हातात द्या.